टाकी भरलेली, रेडिएटर रिकामा: टूरिंग गाडी पुन्हा पुन्हा तापत असेल तर

मागच्या उन्हाळ्यात माझी टूरिंगची मोटरसायकल पाच वेळा तापली, आणि पाचही वेळा जवळपास एकाच जागी. महेश्वरहून इंदूरला परतताना धामणोद मागे पडतं, निमाडचा सपाट रस्ता संपतो आणि मानपूरकडे चढणारा घाट लागतो. पुढे मालाने लादलेले ट्रक पहिल्या गिअरमध्ये रांगत असतात, बाजूने काढायला जागा नसते, आणि मीटरवरच्या तापमानाच्या सहा कांड्यांपैकी पाचवी पेटते. थोड्या वेळाने सहावी. मग लाल दिवा. गाडी कडेला लावायची, हेल्मेट काढायचं, तासभर बसायचं, गाडी निवली की सावकाश महूपर्यंत यायचं.

दर वेळी दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे. पहिल्यांदा थर्मोस्टॅट बदलला, म्हणजे इंजिन तापलं की कूलंटला रेडिएटरची वाट उघडून देणारी झडप. मग कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रवच, बदललं. मग पंख्याचा रिले, म्हणजे त्याला वीज देणारा स्विच. मग पुन्हा कूलंट, या वेळी महागातलं. प्रत्येक वेळी गाडी शहरात आठवडाभर नीट चालायची, राजवाड्याच्या गर्दीतही तापायची नाही, आणि आम्हाला वाटायचं, झालं एकदाचं. पुढच्या रविवारी घाटात पुन्हा तेच.

माझी गाडी एका सिलिंडरची, चारशे सीसीच्या आतली, लिक्विड कूल्ड आहे; म्हणजे इंजिनभोवती फिरणारं कूलंट उष्णता पुढच्या जाळीत, रेडिएटरमध्ये नेतं आणि तिथे हवेने निवतं. सोबत दोन बाजूच्या बॅगा, मागे एक पेटी, पुढे क्रॅश गार्ड. अशा गाड्या आता आपल्याकडे पुष्कळ झाल्या आहेत आणि उन्हाळ्यात हीच तक्रार मी अनेकांकडून ऐकते. म्हणून जे शोधायला मला तीन महिने लागले ते सविस्तर लिहिते आहे. हवेने थंड होणाऱ्या गाड्यांना यातलं बरंच लागू नाही; तिथे आधी ऑइलची पातळी आणि ग्रेड, सिलिंडरच्या पात्यांमधली घाण आणि व्हॉल्व्हचा गॅप बघा.

गाडी खरंच तापते आहे का?

हे आधी ठरवा, कारण पायाला झळ लागणं आणि इंजिन तापणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एप्रिल २०२० पासून आलेल्या, प्रदूषणाच्या बीएस ६ नियमांच्या गाड्यांमध्ये सायलेन्सरच्या सुरुवातीला, इंजिनच्या अगदी जवळ धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. तो कामच तापून करतो. त्यातून मे महिन्यात बेचाळीस अंशांचं ऊन असेल तर सिग्नलवर नडगी भाजणारच. मीटर जागेवर असेल तर इंजिनला काही झालेलं नाही.

लिक्विड कूल्ड गाडीत कूलंटचं तापमान ८० ते १०० अंशांत खेळत असतं. बहुतेक गाड्यांचा पंखा १०० ते १०५ च्या दरम्यान सुरू होतो आणि पाच-सहा अंश उतरले की बंद होतो. गर्दीत पंखा लागणं, बंद होणं, पुन्हा लागणं हे निरोगी गाडीचं लक्षण आहे. पंखा लागूनही दोन-तीन मिनिटांत तापमान उतरत नसेल, उलट चढत असेल, तर मात्र दुखणं आहे. मीटरवर नुसत्या कांड्या असतील आणि तुमच्या गाडीला ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचायचं सॉकेट असेल, तर ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर घ्या. मोबाइलवर अंश दिसतात आणि निम्मा अंदाजपंचे कारभार तिथेच थांबतो.

कधी तापते?

पाना हातात घेण्याआधी हा एकच प्रश्न. आम्ही तो विचारला नाही आणि एकेक भाग बदलत बसलो.

फक्त गर्दीत तापते, मोकळ्या रस्त्याला लागली की दोन किलोमीटरमध्ये निवते, अशी गाडी असेल तर पंखा किंवा हवेची वाट तपासा. चाळीसच्या वर वेग असला की समोरची हवाच रेडिएटरला पुरते, पंख्याची गरज उरत नाही. म्हणून मोकळ्या रस्त्यावर ठीक असणाऱ्या गाडीचा थर्मोस्टॅट आणि कूलंट फिरवणारा पंप सहसा ठीकच असतात.

उलट, हायवेवर नव्वद-शंभरच्या वेगाने सलग जाताना काटा हळूहळू वर सरकत असेल तर पंख्याकडे बघूच नका. रेडिएटर आतून किंवा बाहेरून चोंदलेला आहे, थर्मोस्टॅट अर्धवट उघडतो आहे, वॉटर पंपाची पाती झिजली आहेत किंवा कूलंट कमी आहे, यांतलं काहीतरी.

सकाळी गार गाडी सुरू केल्यावर चार-पाच मिनिटांतच तापली, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला असतो किंवा आत हवेचा फुगा बसलेला असतो. नुकतंच कूलंट बदललं असेल तर हवेचीच शक्यता जास्त.

गाडी बंद केल्यावर रेडिएटरच्या बाजूने गुडगुड आवाज येतो, कूलंटच्या बाजूच्या टाकीत बुडबुडे उठतात, कधी कूलंट बाहेर सांडतं, तर रेडिएटरच्या कॅपवर संशय घ्या. पंप थांबलेला असतो, इंजिनची उष्णता मात्र तशीच असते, आणि कॅप दाब धरत नसेल तर कूलंट त्या क्षणी उकळतं.

राहिला माझा प्रकार: ओझं, चढ, कमी वेग आणि ऊन, सगळं एकदम असेल तेव्हाच तापणं. हा सगळ्यात फसवा. कूलिंगमध्ये कुठेही थोडी कसर असली तरी एरवी ती झाकली जाते आणि घाटात उघडी पडते. नुसत्या या लक्षणावरून कोणताच एक भाग ठरत नाही. दुसरी खूण लागतेच. माझ्याकडे तशा दोन होत्या. गाडी बंद केल्यावरची गुडगुड मी पहिल्या दिवसापासून ऐकत होते आणि ती कोणालाही सांगितली नव्हती. दुसरी माझ्या धाकट्या दिराने दाखवली. चौथ्या वेळी घाटात त्याने वाकून रेडिएटरच्या मागे हात धरला आणि म्हणाला, "वहिनी, पंखा तर जोरात फिरतोय. पण हवा गरमच येत नाहीये."

इंजिनजवळ उभं राहवत नव्हतं आणि पंख्याची हवा जेमतेम कोमट होती. म्हणजे इंजिनची उष्णता रेडिएटरपर्यंत पोचतच नव्हती. आत वाहायला पुरेसं कूलंटच नव्हतं.

पण टाकी तर भरलेली होती

इथे आम्ही सगळेच चकलो होतो. बाजूच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या टाकीत कूलंट किमान रेघेच्या बरंच वर, उलट कमाल रेघेच्याही किंचित वरच. मिस्त्री दर वेळी टाकी बघायचा आणि म्हणायचा, कूलंट पूर्ण आहे.

ओळखीच्या एकाने मला ट्रान्सपोर्ट नगरात रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे पाठवलं. आयुष्य ट्रकांचे रेडिएटर झाळण्यात गेलेले मराठी गृहस्थ. मी टाकी दाखवायला लागले तर म्हणाले, "टाकी राहू दे ताई. रात्रभर गाडी इथे ठेव. सकाळी गार असताना कॅप उघडू."

सकाळी त्यांनी रेडिएटरची कॅप उघडली आणि टॉर्च मारला. गळ्याशी काठोकाठ दिसायला हवं होतं ते कूलंट दिसतच नव्हतं. खाली नुसत्या कोरड्या नळ्यांची तोंडं. जवळपास ३०० मिलिलीटर कूलंट आत गेलं तेव्हा ते गळ्याशी आलं.

टाकी आणि रेडिएटर यांचा संबंध एकदा नीट समजला की बरीच कोडी सुटतात. कूलंट तापलं की फुगतं. कॅपमध्ये दोन झडपा असतात. दाब ठरावीक आकड्यापर्यंत, अनेक गाड्यांत १.१ बारपर्यंत चढला की मोठी झडप उघडते आणि जास्तीचं कूलंट बारीक पाईपमधून टाकीत जातं. गाडी निवली की आतलं कूलंट आकसतं, ओढ तयार होते, मधली छोटी झडप उघडते आणि तेच कूलंट टाकीतून परत रेडिएटरमध्ये येतं. रोज जाणं, रोज येणं. यातलं येणं बंद पडलं तर टाकी भरलेली राहते आणि रेडिएटर रिकामा होत जातो. नुसती टाकी बघणाऱ्याला हे कधीच कळणार नाही.

काकांनी कॅप उलटी करून माझ्या हातात दिली. खालच्या रबराच्या चकतीवर गळ्याच्या काठाचा गोल ठसा खोल उमटला होता आणि एका बाजूला केसाएवढी चीर होती. नखाने दाबल्यावरच ती दिसायची. त्यांनी कॅप हातपंपाच्या टेस्टरला लावली. वर १.१ लिहिलेलं, पण काटा ०.६ च्या पुढे जाईना, हवा सुटायची.

या आकड्याला एवढं महत्त्व का, ते सांगते. पाणी आणि ग्लायकॉल निम्मं-निम्मं असलेलं कूलंट उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं. दाब वाढला की उकळण्याचा बिंदू वर जातो, आणि १.१ बारच्या कॅपखाली तो १३० च्या आसपास पोचतो. कॅप निम्म्यावरच सुटत असेल तर यातले दहाएक अंश हातचे जातात. मीटरवर दिसतं ते सरासरी तापमान. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आजूबाजूला धातू त्याहून कितीतरी गरम असतो. उकळी तिथे आधी फुटते, वाफ कूलंटला ढकलते, आणि ढकललेलं सगळं टाकीत.

नवी कॅप साडेतीनशे रुपयांना आली. पुढच्या रविवारी घाटात सहावी कांडी पेटली नाही. पाचवी मात्र पेटली. म्हणजे निम्मं दुखणं अजून शिल्लक होतं.

चिकटपट्टीची परीक्षा

काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. ती फुकट आहे आणि तापणाऱ्या कोणत्याही गाडीवर सगळ्यात आधी करावी असं माझं मत आहे. टाकीवर कागदी चिकटपट्टी उभी लावायची. मोठी फेरी करून आल्यावर, इंजिन गरम असताना, पातळीवर पेनाने रेघ मारायची. सकाळी गाडी पूर्ण गार असताना दुसरी रेघ. गाडी दोन्ही वेळा सरळ उभी हवी. साइड स्टँडवर पातळी चुकीची दिसते.

सकाळची रेघ रात्रीच्या रेघेच्या खाली आली पाहिजे. माझ्या गाडीत रात्रीची रेघ कमाल खुणेच्या बोटभर वर होती, आणि सकाळची तिच्यावरच. एक थेंब परत गेला नव्हता. कॅप नवी, म्हणजे तिची छोटी झडपही नवी. मग रेडिएटर ओढत होता तरी काय? हवा. आणि ती येणार कुठून, तर मधल्या बारीक पाईपमधूनच.

तो पाईप रेडिएटरच्या गळ्यापासून निघून क्रॅश गार्डच्या क्लॅम्पमागून टाकीकडे जातो. क्रॅश गार्ड मी दिवाळीच्या आधी बसवून घेतला होता. बसवणाऱ्याने पाईप बाजूला न घेता क्लॅम्प आवळला होता. वरून पाईप नवाकोरा दिसायचा. काकांनी तो सोडवून अंगठ्यावर वाकवला तेव्हा क्लॅम्प घासत होता त्या जागी आडवी चीर उघडली आणि तिच्या कडेला हिरवट, खडूसारखी वाळलेली भुकटी दिसली. कूलंट जिथून झिरपतं तिथे पाणी उडून जातं आणि अशी भुकटी मागे राहते. गाडीवर कुठेही ती दिसली, क्लिपांपाशी, पंपाच्या खाली, नळीच्या टोकाला, तर तिथे झिरप आहे असं पक्कं समजा.

पाईप चाळीस रुपयांचा होता. मापाचा नवा पाईप घातला, क्लॅम्पपासून लांब नेऊन टायने बांधला. त्यानंतर दोनदा मे महिन्याच्या उन्हात तोच घाट, तेच ट्रक. चार कांड्यांच्या वर गाडी गेलेली नाही.

तुमच्या गाडीत हे नसेल तर

पंखा: आधी फ्यूज बघा. मग पंख्याचा कनेक्टर सोडून दोन वायरींनी थेट बॅटरी द्या. फिरला तर मोटर चांगली, दोष रिले, वायरिंग किंवा सेन्सरचा. नाही फिरला तर मोटर गेली. हाताने पातं फिरवूनही बघा. धुलाई केंद्रावर पाणी गेल्याने बेअरिंग जाम झालेली मोटर मी पाहिली आहे. आणि कोणी पंखा काढून बसवला असेल तर वायरी उलट लागलेल्या नाहीत ना, हे तपासा. तेव्हा पंखा उलटा फिरतो आणि समोरून येणाऱ्या हवेशीच भांडतो. कागदाचा तुकडा धरला की दिशा कळते.

थर्मोस्टॅट: बदलायची घाई करू नका, स्वयंपाकघरात तपासता येतो. जुन्या पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने बांधून मधोमध लोंबकळत ठेवा, बुडाला टेकू देऊ नका, सोबत थर्मामीटर ठेवा. साधारण ८० ते ८५ अंशांना तो हलायला लागतो आणि उकळी फुटायच्या सुमारास पूर्ण उघडतो. नेमका आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो. मी माझा जुना थर्मोस्टॅट नंतर असा तपासला. तो अगदी ठणठणीत होता. थर्मोस्टॅट काढूनच टाका, गाडी थंड राहील, असा सल्ला देणारे भेटतील, ऐकू नका. इंजिन नीट गरम होत नाही, पेट्रोल जास्त खातं आणि झीज वाढते.

रेडिएटरचे पापुद्रे (नळ्यांमधली पातळ पत्र्याची पाती): पावसाळ्यात चोरल, तिंछा, पाताळपाणी फिरून येणाऱ्यांनी याकडे खास लक्ष द्या. माळव्याची काळी माती ओली असताना पापुद्र्यांत घुसते आणि वाळली की दगडासारखी बसते. समोरून जाळी स्वच्छ दिसते, मागून टॉर्च मारला तर उजेड पलीकडे येत नाही. साध्या नळीने, मागून पुढे, मंद धारेने धुवा. माती भिजायला वेळ द्या. प्रेशरच्या धारेने पापुद्रे आडवे पडतात, आणि आडवे पडलेले पापुद्रे मातीपेक्षा वाईट, हवा कायमचीच अडते. रेडिएटरच्या पुढे लावलेले जाड फॉग लॅम्प आणि बारीक भोकांचा गार्डही उन्हाळ्यात काढून बघण्यासारखे.

कूलंट: रंगावरून काही ठरत नाही, रंग कंपनी आपल्या मर्जीने घालते. म्हणून रंग बघून एकात दुसरं कूलंट मिसळू नका. वेगवेगळ्या रसायनांची कूलंटं एकत्र आली तर कधी गाळ धरतो. कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न घातलेलं कूलंट असेल तर निम्मं डिस्टिल्ड पाणी घालायचंच. जाड कूलंट जास्त थंड करतं हा गैरसमज आहे. उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस, ग्लायकॉल उकळी आणि गोठणं लांबवतं. आणि बोअरिंगचं पाणी कधीही नाही. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने बादलीत आणि गीझरमध्ये जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि मग कोणतंही महागडं कूलंट उपयोगाचं राहत नाही.

वॉटर पंप: पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं. तिथून कूलंट ठिबकत असेल तर आतलं सील गेलं. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, एम-सील लावून बुजवू नका, नाहीतर कूलंट ऑइलमध्ये जाईल.

हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यावरचं हेड यांच्या मधलं सील): याची भीती सगळ्यांना असते आणि बहुतेक वेळा दोष त्याचा नसतो. तरी तपासा. गार गाडीची कॅप काढून इंजिन सुरू करा. सुरुवातीला थोडे बुडबुडे आले तर ती हवा आहे. पण सतत, इंजिनच्या ठेक्यात बुडबुडे येत राहिले, ऑइल दुधाच्या चहासारखं झालं असेल, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर निघत असेल, किंवा गार गाडी सुरू केल्यावर मिनिटभरातच वरची नळी दगडासारखी कडक होत असेल, तर हेड उघडावं लागेल. अशी गाडी चालवत नेऊ नका, टेम्पोत टाकून न्या.

आणखी एक: मागचा ब्रेक चिकटत असेल किंवा चेन तारेसारखी ताणलेली असेल तर इंजिन दिवसभर विनाकारण जास्त ओढतं. चाक उचलून हाताने फिरवलं की मिनिटात कळतं.

रस्त्यात लाल दिवा लागला तर

गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, पंखा चालू राहत असेल तर चावी चालू ठेवा. इंजिनवर गार पाणी ओतू नका, तापलेला धातू तडकू शकतो. आणि कॅपला हात लावू नका. हे मी कळकळीने सांगते. आतलं कूलंट शंभराच्या वर असूनही दाबामुळेच द्रव असतं. कॅप सैल होताच त्याची क्षणात वाफ होते आणि ती सरळ तोंडावर आणि हातांवर येते. निदान पाऊण तास थांबा. वरची नळी दाबून बघा, मऊ आणि हाताला सोसेल अशी झाली की जाड कपडा धरून कॅप आधी पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, सूं आवाज थांबू द्या, मग उघडा. जवळ कूलंट नसेल तर बिसलेरीची बाटली चालेल, पण घरी आल्यावर सगळं काढून नीट कूलंट भरायचं.

भरताना घाई केली की आत हवा अडकते आणि आठवड्यात पुन्हा मिस्त्री. गाडी सरळ उभी करा, पुढचं चाक थोडं उंच असेल तर बरं. गळ्यापर्यंत हळू ओता. ब्लीड बोल्ट, म्हणजे अडकलेली हवा काढायचा बोल्ट असेल तर तो सैल करून बुडबुडे नसलेली धार येईपर्यंत थांबा. कॅप उघडी ठेवून इंजिन आयडलवर चालवा, गाडी डावी-उजवी दोन-तीनदा कलवा, वरची नळी हाताने दाबा. पातळी खाली जाईल तसं भरत राहा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम उतरते, तेव्हा शेवटचं भरून कॅप लावा. टाकी किमान आणि कमाल यांच्या मध्ये ठेवा. पुढचे तीन दिवस सकाळी गार गाडीची कॅप उघडून गळ्यापाशी बघा, आणि चिकटपट्टी तेवढे दिवस टाकीवर राहू द्या.